पेन्सिल वाजली की थांबायचं

प्रूफ एकट्याने वाचायचं नसतं. हे मला दिनानाथ केळुसकरांनी शिकवलं, सत्तरच्या सुमारास, गिरगावातल्या एका छापखान्यात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर डोळे ठेवायचे. वाचणारा नुसते शब्द वाचत नाही. ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरा उकार’, ‘स्वल्पविराम’ असं सगळं तोंडाने म्हणत जातो. ऐकणाऱ्याच्या हातात पेन्सिल असते. काही खटकलं की ती टेबलावर वाजवायची, आणि पेन्सिल वाजली की वाचणाऱ्याने थांबायचं. अर्ध्या शब्दात असला तरी थांबायचं, मालक समोर उभा असला तरी थांबायचं. शेवटी दोघांनीही ‘वाचून झालं’ असं म्हटल्याशिवाय कागद मशीनवर जात नसे.

केळुसकर तिरसट होते. मालवणकडचे, बारीक, कायम पांढऱ्या शर्टातले. एकदा एक खिळे जुळवणारा ‘चालतं हो काका’ असं म्हणाला, तर त्यांनी त्याला आठवडाभर नावाने हाक मारली नाही, ‘चालतं’ म्हणूनच मारली. सगळे हसले. मीही हसले, पण तो शब्द माझ्या तोंडून त्या छापखान्यात कधी गेला नाही. आजही जायचा म्हटला तर अडखळतो.

पुढे छापखाना बंद पडला आणि आम्ही वाशीला सिडकोच्या घरात राहायला आलो. माझ्या नवऱ्याला, श्यामसुंदरला, वाटलं होतं की आता बाई घरी बसेल. बाई बसली नाही. रबाळ्याच्या एम.आय.डी.सी.त रंगाच्या आणि औषधांच्या कारखान्यांच्या मधोमध एका शेडमध्ये सुधीर दामले नावाच्या तरुण इंजिनियरने कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनवायची कंपनी काढली होती. सहकारी सोसायट्यांचा कारभार मराठीतून कॉम्प्युटरवर आणायचा, ही त्याची कल्पना. पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारं कार्ड तेव्हा नुकतंच मिळायला लागलं होतं. प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर तो कसा चालवायचा याचं मराठी पुस्तक द्यावं लागे, आणि ते पुस्तक इंजिनियर लिहीत. त्यावर हात फिरवायला सुधीरने मला घेतलं.

हात कसला फिरवते, कुऱ्हाडच हवी होती. एका पानावर ‘फाइल’, पुढच्या पानावर ‘फाईल’, आणि तिसऱ्यावर ‘नस्ती’, कारण मध्येच कोणीतरी सरकारी शब्दकोश उघडला होता. नंदकिशोर म्हणून मुख्य प्रोग्रॅमर होता. तो म्हणाला, “मॅडम, समजल्याशी मतलब ना? एवढं टेन्शन कशाला?” मी म्हटलं, “पगाराच्या दिवशी तुझं नाव तीन तऱ्हांनी लिहू का? समजेल त्यांना.” त्यानंतर तो माझ्याशी जपून बोलू लागला.

आणि हा काही माझा सोवळेपणा नव्हता. त्या प्रोग्रॅममध्ये खात्याचं नाव हाताने टाइप करावं लागे. नाव एका वेलांटीने जरी वेगळं पडलं, तरी यंत्र तक्रार करत नसे, गुपचूप त्या नावाचं नवीन खातं उघडून मोकळं होई. घरात साखरेचे दोन डबे झाले आणि बाई एकाच डब्यात डोकावून साखर संपली म्हणाली, तसा तो प्रकार. म्हणून पुस्तकात एका गोष्टीचं एकच रूप हवं, कारण समोरचा माणूस पुस्तकात बघून अक्षरं उमटवणार.

हे मी एकटीने वाचणार नाही, असं मी सुधीरला सांगितलं. त्याने कुरकुर केली. मी बरेच दिवस भांडले आणि केळुसकरांना आणलं. ते तेव्हा नेरूळला लेकीकडे राहत होते. पहिल्या दिवशी पांढरा शर्ट घालून शेडच्या दारात उभे राहिले, तेव्हा मला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटलं. मग कंपनीतही तोच नियम मी लावून घेतला. दोघांचं ‘वाचून झालं’ झाल्याशिवाय पुस्तक बाहेर जाणार नाही. सुरुवातीला इंजिनियर पोरं दाराशी येऊन ऐकत आणि खिदळत. केळुसकर गंभीरपणे “पडद्यावर, स्वल्पविराम, दिसणारी, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी” असं म्हणत आणि मी पेन्सिल वाजवत असे. दोन वर्षं आम्ही असं वाचलं. मला त्या कामात सुख होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सत्त्याऐंशी साली उरणजवळच्या मोरा बंदरातल्या एका मच्छीमार सोसायटीचं काम आलं. होड्यांना कोट्याचं डिझेल वाटायचं, त्याचा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवायचा. नारळी पौर्णिमेला दर्यावर होड्या निघायच्या आत सगळं सुरू व्हायला हवं होतं. सोसायटीने यंत्रावर बसायला धर्मा कोळ्याची मुलगी जमुना निवडली. ती मॅट्रिक झालेली होती आणि शिकायला म्हणून उरणहून रबाळ्याला येत होती. माझ्याच टेबलाशी बसे, डब्यातली सुकी करंदी मला खायला लावी. मी तिला पुस्तकातून वाचायला लावत असे आणि चुकली की पेन्सिल वाजवत असे. ती पटकन थांबायची, आणि मग हसायची.

एकदा डबा खाताना ती म्हणाली, “बाई, आदीच्या कारकुनाला डिजेलवरनंच हाकललान. त्यानं खाल्ला का नाय, देवाला म्हाईत. पन नाव गेला तो गेला. मी तर बाईमानूस. माज्या हिशोबात थोडा जरी कमी दिसला, तर गावात तोंड दाकवायची सोय नाय.”

“तू पुस्तकात जसं आहे तसंच टाइप कर,” मी म्हटलं. “एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस. पुस्तकाची जबाबदारी माझी.”

“तुमी हाव म्हनून मी हाय,” ती म्हणाली. एवढं बोलणं झालं आणि आम्ही डबे धुवायला उठलो.

आम्ही पुस्तक वाचून दिलं, आणि त्यानंतर नंदकिशोरने शेवटची दोन प्रकरणं नव्याने लिहून परस्पर छापखान्यात धाडली. प्रूफ परत आलं तेव्हा केळुसकरांनी आणि मी ते सहज चाळलं, आणि केळुसकरांच्याच नजरेला पहिल्यांदा आलं. आमच्या प्रकरणांत ‘डिझेल’ होतं, पहिल्या वेलांटीचं. नंदकिशोरच्या प्रकरणांत कुठे ‘डिझेल’, कुठे ‘डीझेल’. त्यांनी लाल पेन्सिलीने एकेका ठिकाणी गोल केले. “मेल्याने वाट लावलीय,” ते म्हणाले, आणि चष्मा पुसून पुन्हा गोल करत बसले.

मी तसाच कागद घेऊन सुधीरकडे गेले. म्हटलं, होडीला डिझेल देताना पोरगी एक वेलांटी टाइप करणार आणि टाकीत साठा घेताना दुसरी. आलेलं एका खात्यात, गेलेलं दुसऱ्या खात्यात. महिन्याचा ताळा निघाला की डिझेल गायब, आणि यंत्रापाशी बसलेली कोण, तर जमुना.

सुधीर म्हणाला, “मॅडम, आता पानं पुन्हा करायची म्हणजे छापखाना पौर्णिमेनंतरची तारीख देणार. तिकडे मांडव घातलाय, पाहुणे बोलावलेत.”

“मग शुद्धिपत्र जोडा. एक चिठ्ठी चिकटवा पुस्तकाला.”

“पहिल्याच पुस्तकाला शुद्धिपत्र? पाहुण्यांच्या हातात? छान दिसेल.” त्याने तो कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, “तुमचाच नियम आहे ना, दोघांनी वाचून झालं म्हटलं की पुस्तक जातं? उद्या सोसायटीचे अध्यक्ष येणार आहेत. त्यांच्यासमोर वाचा तुम्ही दोघं. झालं म्हणालात तर जाईल, नाही म्हणालात तर मी तारीख पुढे ढकलतो. बस?”

मला आनंद झाला. खरंच झाला. घरी जाताना मी भाजी घेतली, श्यामसुंदरला सांगितलं की उद्या काम फत्ते. केळुसकरांच्या तोंडून चूक पुढे जाईल, ही गोष्ट माझ्या डोक्यातसुद्धा आली नाही. सूर्य पश्चिमेला उगवेल का, याचा कोणी विचार करत बसतं का?

दुसऱ्या दिवशी सुधीरच्या खोलीत चहा आला. अध्यक्ष गोवर्धन पाटील टोपी मांडीवर ठेवून बसले होते. भला माणूस, अक्षरांशी फारसा संबंध नसलेला. सुधीर खुर्चीत मागे रेलला होता. केळुसकर माझ्यासमोर बसले, मूळ प्रत हातात घेतली आणि घसा साफ केला. मी प्रूफावर बोट ठेवलं आणि पेन्सिल उचलली.

ते वाचू लागले. पहिल्याच ओळीला माझ्या लक्षात आलं की ते वेलांट्या म्हणत नाहीयेत. स्वल्पविराम नाही, उकार नाही. सरळ, सुरात, गोष्ट वाचावी तसे ते वाचत होते. मला वाटलं, पाहुणे आहेत म्हणून असेल. मग ती जागा आली. ‘टाकीत आलेले डीझेल नोंदवण्यासाठी.’ मी पेन्सिल वाजवली.

ते थांबले नाहीत.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुढच्या ठिकाणी मी जोरात वाजवली. चहाचा कप हलला. केळुसकरांनी नजर वर केली नाही, त्यांचा आवाजही हलला नाही. पुढे पुन्हा, पुन्हा. मी वाजवत होते आणि ते वाचत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. या माणसाने मला एका अनुस्वारासाठी सबंध दुपार उभं केलं होतं. त्यानंतरच्या ठिकाणी माझी पेन्सिल वर गेली, तेव्हा त्यांनी प्रत उजव्या हातात ठेवून डावा हात पुढे केला, माझ्या पेन्सिलीवर पालथा ठेवला आणि तसेच वाचत राहिले. हात गार होता. शेवटच्या पानापर्यंत त्यांनी तो उचलला नाही.

“वाचून झालं,” ते म्हणाले.

गोवर्धन पाटील खूश झाले. “काकांचा आवाज बेस हाय. रेडिओवर बोलल्यासारका.”

“मॅडम, तुमचं?” सुधीरने विचारलं.

“माझं झालेलं नाही. या पुस्तकात चुका आहेत. काल काकांनीच त्या लाल पेन्सिलीने दाखवल्यात.”

सुधीरने केळुसकरांकडे बघितलं. “काका?”

“किरकोळ आहे,” केळुसकर म्हणाले. “वाचून झालं.”

“काका तुमचे गुरू ना, मॅडम?” सुधीर म्हणाला, आणि प्रूफावर ‘छापा’ असं लिहून त्याने स्वतःची सही केली. गोवर्धन पाटलांनी टोपी घातली.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बस थांब्यावर केळुसकर माझ्या मागून आले. हवेत नेहमीचा औषधाच्या कारखान्याचा वास होता. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

“चारू, रागावलीस.”

“काय दिलं त्यांनी तुम्हाला?”

ते मग म्हणाले, “नेरूळला मी गॅलरीत झोपतो. पत्रा लावून बंद केलेल्या. एका बाजूला जावयाची सायकल, दुसऱ्या बाजूला मी. पाय लांब केले की पॅडल लागतं. लेक बिचारी काही बोलत नाही, पण चहा देताना माझ्याकडे बघत नाही. सुधीररावांनी कंपनीची वाशीची खोली मला राहायला देतो म्हटलंय. माझं दार असेल गं. आतून कडी लावता येईल.”

“केव्हा म्हटलं?”

“परवा. पौर्णिमेआधी पुस्तक जायलाच हवं, अडवू नका म्हणाले.”

परवा. म्हणजे काल ते माझ्याशेजारी बसून लाल गोल करत होते, ‘मेल्याने वाट लावलीय’ म्हणत होते, तेव्हा खोलीची गोष्ट ठरलेली होती. मी त्यांना तसं विचारलं.

“ती सवय,” ते म्हणाले. “चूक दिसली की हात जातोच.”

“आणि जमुना?”

“निभावेल. माणसं निभावून नेतात. चालतं, चारू.”

तो शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मला त्यांना मारावंसं वाटलं. हो, मारावंसंच, म्हाताऱ्या माणसाला, बसच्या थांब्यावर. त्यांना खोली हवी होती हे मला समजत होतं. मला सांगितलं असतं तर मी श्यामसुंदरशी भांडून त्यांना माझ्या घरी आणून ठेवलं असतं. पण त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. मला समोर बसवलं, माझ्या हातात पेन्सिल राहू दिली, आणि माझ्यासमोर मला विकलं. रोज आम्ही दोघं जिने वाशीपर्यंत जायचो ती बस आली तेव्हा मी चढले आणि ते चढले नाहीत. मला वाटतं, त्यांना माझ्याबरोबर उभं राहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. सुधीर म्हणाला की विचार करा. केळुसकर समोरच्या टेबलाशी होते. ते थांबवतील असं मला वाटलं, शेवटपर्यंत वाटलं. ते एका नव्या पुस्तकाची पानं लावत होते.

पौर्णिमा होऊन गेल्यावर मी एस.टी.ने उरणला गेले आणि तिथून मोऱ्याला. धक्क्यावर होड्या कमी होत्या, बहुतेक दर्यावर गेल्या होत्या. सोसायटीच्या खोलीत कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं आवरण, त्यावर कुंकवाची बोटं, आणि बाजूला उद्घाटनाचा नारळ. जमुना नवी साडी नेसून बसली होती. मला बघून उठली, पण रबाळ्याला धावत यायची तशी आली नाही.

“पानी देऊ, बाई?”

मी पाणी नको म्हटलं आणि सरळ मुद्द्यावर आले. पुस्तकात चूक आहे, डिझेलचं नाव दोन तऱ्हांनी पडलंय, तू सगळीकडे पहिली वेलांटीच टाइप कर, आजवरचं मी तुला दुरुस्त करून देते.

ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, “अध्यक्ष बोलले, बाईंना कामावरनं काडला. चुका करतात म्हनून. त्या रागानं काय पन सांगतील, पुस्तकाप्रमानं चाल.”

“मला काढलं नाही. मी सोडलं.”

“आमाला काय म्हाईत.” तिने कपाटातून पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. “हे तुमीच ना?”

पानाच्या तळाशी ओळ होती. वाचन: दिनानाथ केळुसकर, चारुलता वैद्य. प्रूफात ती नव्हती. ही ओळ अगदी शेवटी देतात, आणि ती लिहून द्यायचं काम नेहमी केळुसकरांचं असे. माझ्या नावातला रु त्यांनी ऱ्हस्व दिला होता, हवा तसा. माझं नाव त्यांनी कधीच चुकीचं लिहिलं नव्हतं.

“मी तर ह्या नावावर टाइप करतंय,” जमुना म्हणाली. “तुमी बोललाव, पुस्तकाची जबाबदारी माजी. तुमचा नाव हाय, मंग मी कोनाचा ऐकू?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती मला खोटं पाडत होती आणि तिचं बरोबर होतं. केळुसकरांनी मला जिथे नेऊन बसवलं होतं, तिथून मी तिला वेगळी दिसूच शकत नव्हते.

मी पर्स उघडली आणि पेन्सिल काढली. म्हटलं, “शेवटचं प्रकरण काढ. वाच. रबाळ्याला वाचायचीस तसं.”

ती घुटमळली. दाराकडे बघून घेतलं. मग बसली आणि वाचू लागली, आधी हळू, मग लागलेल्या सवयीने वेलांट्या म्हणत. “टाकीत, दुसरी वेलांटी. आलेले. डी, दुसरी वेलांटी—”

मी पेन्सिल वाजवली.

ती थांबली.

तिने मान खाली घालून त्या शब्दाकडे बघितलं. मागची पानं उलटली, तिथला शब्द बघितला. पुन्हा पुढे आली. मग कॉम्प्युटरवरचं आवरण काढून तिने खात्यांची नावं पडद्यावर आणली. एकाखाली एक, दोन डिझेल. ती बराच वेळ पडद्याकडे बघत उभी राहिली. बाहेर कोणीतरी बर्फ फोडत होतं.

“हे तुमाला आदीपासनं म्हाईत होता?”

“हो.”

“मंग हितं तुमचा नाव कोनी घातला?”

“ज्यांनी मला वाचायला शिकवलं, त्यांनी.”

तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्या नावावर आडवी रेघ ओढली. पुन्हा एकदा ओढली, घट्ट. मला ते लागलं. मग तिने पहिलं पान काढून पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि पेन्सिल स्वतःच्या हातात ठेवली.

“वाचा आता,” ती म्हणाली. “पयल्यापासनं. खटकला का मी वाजवीन.”